काथोडदादाची बोंडं

पावसात पेटणारं पेटवण करणाऱ्या माणसाबद्दल लिहायला बसलोय म्हटलं की तुम्ही शेवट ओळखून मोकळे झाला असणार. जुलै महिना, आभाळ फाटलंय, त्या माणसाचं स्वतःचं सरण रचलंय, लाकडं चिंब, आणि शेवटी त्याच्याच हातच्या पेटवणानं… बास. रुमाल काढला असेल तर घडी करून परत खिशात ठेवा. काथोडदादा मार्चमध्ये गेला. ऊन असं की स्मशानात चपला काढून उभं राहवत नव्हतं. लाकडं पापडासारखी कडक. एका काडीत सगळं झालं. काडीसुद्धा साधी, पानटपरीवरच्या पेटीतली. आयुष्यभर पावसाची तयारी केलेला माणूस कोरड्यात निघून गेला, आणि परतताना मला सारखं वाटत होतं की आता मागून आवाज येईल, "आरं, येवऱ्यात पेटला? मंग मी काय झक मारत होतो का?"

हा आवाज मी अजून काढतो. नकला हा माझा शाळेपासूनचा धंदा आहे. भिवंडीत नारपोलीतल्या शाळेत हेडसरांच्या खोकल्यावर मी पाचवी ते दहावी काढली. मागच्या बाकावरून खोकलो की अख्खा वर्ग पुस्तकात डोकं घालायचा. पण काथोडदादाचा आवाज जमवायला मला एक पावसाळा लागला. तो आवाज आधी पोटात जायचा, तिथं जरा बसायचा आणि मग नाकातून बाहेर यायचा. त्यात त्याच्या गावच्या बोलीत ड-ढ चा र होतो. गाडीची गारी, लाकडाचं लाकूर. आणि रागावला की मी घोरा, म्हणजे घोडा. तसा मी त्याच्या लेखी बऱ्याचदा घोराच असायचो.

वळ गावाकडे आत शिरलं की गोडाऊनच्या रांगाच रांगा लागतात. त्यातल्या एकात मी डिस्पॅचला होतो. गोडाऊन कंपनीचं, माल दुनियेचा, आणि जमीन काथोड भोईरची. पूर्वी तिथं त्यांचं भात व्हायचं. जमीन भाड्यानं गेली तरी माणसाची रोज बांधावर जायची सवय गेली नव्हती. जेवणाच्या सुट्टीच्या आधी त्याची पांढरी गाडी गेटातून आत यायची, लिंबाखाली लागायची, वॉचमन पळत जाऊन प्लास्टिकची खुर्ची टाकायचा, आणि दादा उतरायचा. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात जाड चेन आणि पायात गमबूट. बारा महिने गमबूट. कोणी विचारलं की म्हणायचा, "पाऊस काय इचारून येतो?"

खुर्चीत बसून उभ्या पिकावर नजर टाकावी तशी तो ट्रकांवर टाकायचा.

"यो कनचा माल?"

"पंखे आहेत, दादा."

"बरा हाय. अवंदा पीक बरा हाय."

पहिल्यांदा मी त्याला जवळून पाहिलं ते खोक्याचा मुका घेताना. म्हणजे मला तसं वाटलं. थप्पीतलं एक खोकं त्यानं दोन्ही हातांनी उचललं, गालाला लावलं आणि डोळे मिटले. आम्ही सगळे बघत राहिलो. मग डोळे उघडून म्हणाला, "ओल हाय. बाजूला कारा." त्याचं म्हणणं असं की हात खोटं बोलतो, गाल बोलत नाही. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू तो आधी गालाला लावायचा. पापड, बिस्किटं, गोवऱ्या, धुतलेली चादर, लाकडं तर लाकडंच. स्वतःच्या मुलीच्या लग्नात होमाच्या समिधा त्यानं एकेक करून गालाला लावून भटजींच्या हातात दिल्या. भटजी मंत्र विसरले. त्यातली एक त्यानं परत केली, "ही चालनार न्हाय, धूर करल." नवरामुलगा हसला म्हणून त्याच्याकडे असं बघितलं की पोरगं पुढचे सगळे फेरे खाली मान घालून फिरलं.

या माणसाला एकच नाद होता. भर पावसात, वाऱ्यात, भिजलेल्या लाकडांना पेटवेल असं पेटवण करायचं. त्याला तो 'बोंडं' म्हणायचा. मे महिन्यात घरामागच्या मांडवाखाली त्याचा कारखाना लागायचा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्या पाण्यात पत्र्याचा डबा, आणि डब्यात मेण. मेण थेट जाळावर ठेवायचं नाही, भडकतं. त्याची एकदा अर्धी मिशी गेली होती आणि उरलेली अर्धी त्यानं महिनाभर तशीच मिरवली होती, म्हणे लोकांना अक्कल यावी म्हणून. मेण पातळ झालं की सुताचे गुंतवळे पिंजून, लिंबाएवढे गोळे करून, चिमट्यात धरून बुडवायचे. पण पूर्ण नाही. इथंच सगळी कला होती. बाहेरून मेणाचा थर बसला पाहिजे आणि पोट कोरडं राहिलं पाहिजे. पूर्ण मुरलं तर काडी लावून लावून बोटं भाजतात, पेटत नाही. वरून राळेची पूड भुरभुरवायची, पेपरवर सुकवायचं, आणि डब्यात भरून झाकणाच्या फटीवर पुन्हा मेण. काड्यांची टोकंही मेणात बुडवलेली. पेटीची घासायची पट्टी कापून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. लागेल तेव्हा बोंड हातानं फोडायचं, आतलं कोरडं सूत फुलवायचं आणि त्याला काडी दाखवायची. बाहेरचं मेण मग दिव्यासारखं जळत राहतं, वरून पाणी पडलं तरी.

"पोट फोर आधी," तो शिकवायचा. "पोट फोर, मंग कारी. उलटा केलास तं ररत बसशील."

एवढं सगळं कशासाठी, हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. सुभाषनं सांगितलं. सुभाष म्हणजे त्याचा पुतण्या, माझ्याच शिफ्टला लोडिंगवर होता. काथोडदादाचे वडील श्रावणात गेले तेव्हा सरण पेटेना. गावचं स्मशान खाडीच्या कडेला. तिथं चार खांब आहेत. पत्रे अधूनमधून बसतात आणि वारा ते घेऊन जातो. त्या दिवशीही पत्रे नव्हते. लाकडं भिजलेली, रॉकेल ओतलं तेवढं वर वर जळून गेलं, आणि दुपार कलली तरी म्हातारा तसाच. शेवटी मोठ्या भावानं, म्हणजे सुभाषच्या वडिलांनी, हिराजीनं, ट्रकचा टायर मागवला. टायर लावला आणि सरण धडाधड पेटलं. काळा धूर पार रस्त्यापर्यंत गेला. काथोडदादा सगळ्या गावासमोर भावाला बोलला, "बापाला टायरवर जाललास." हिराजी म्हणाला, "तुझ्याकरं काय व्हता? तू काय आनलास?"

त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत आणि काथोडदादा बोंडं करायला लागला. गावात पावसाळ्यात कोणीही गेलं तरी त्याच्याखाली टायर जाता कामा नये, एवढंच त्याचं म्हणणं. कोणी सुचवलं, दादा, सायकलची जुनी ट्यूब कापून घाला, ओली असली तरी पेटते. त्यानं त्या माणसाला चहा न पाजता पाठवला. रबराचं नाव त्याच्यासमोर काढायचं नाही. गमबूट सोडून.

माझी यात भरती झाली ती मी नारपोलीचा म्हणून. बाबा लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेली लूम चालू करून देणारे. एकदा खुर्चीतून दादानं मला बोलावलं.

"पोऱ्या, तुमच्याकरं लूमचा वेस्ट निघतो ना? सुताचा?"

"पोत्यानं निघतो."

"मंग आन की एक पोता."

मी आणलं. दादानं दोरा ओढला, गालाला लावला, खूश झाला, आणि मग काडी लावली. दोरा जळला नाही, लाजला. आक्रसून आक्रसून त्याचा काळा मणी झाला आणि तो मणी टपकन गमबुटावर पडून चिकटला.

"घोरा!" दादा ओरडला. "यो कापूस हाय का पिशवी?"

भिवंडी म्हणजे कापड आणि कापड म्हणजे कापूस, अशी माझी समजूत. बाबांना विचारलं तर ते हसले, म्हणाले, आता सगळीकडे पॉलिएस्टर. सुती माल विणणारे शोधावे लागतील. हे ऐकून दादा स्वतः नारपोलीत आला. मी त्याला बाबांच्या ओळखीच्या एका कारखान्यात नेलं. लूमचा खडखडाट, हवेत सुताची लव उडतेय, भिंतींवर, वायरींवर, माणसांच्या भुवयांवर लव. दादानं खाली पडलेला एक दोरा उचलला, गालाला लावला, आणि सवयीनं खिशातून काडेपेटी काढली.

लूमवरचा कारागीर झेप घेऊन आला. "सेठ! माचिस अंदर! पूरा मोहल्ला जाएगा!" दुसरा वाळूची बादली घेऊन धावला. मालक गल्ल्यावरून उठून ओरडत आला, "कौन है? कौन है ये गमबूटवाला?"

दादानं काडेपेटी खिशात ठेवली. चेहरा असा, जणू त्याचाच अपमान झालाय. "मना फक्त बगायचा व्हता," तो मला म्हणाला. मग आम्ही गल्लीत आलो. तिथं त्यानं दोरा पेटवला. कागद जळावा तसा जळला, राखाडी भुकटी झाली. दादानं ती भुकटी चिमटीत घेऊन मालकाला दाखवली आणि म्हणाला, "असली है." मालक म्हणाला, "हमको मालूम है, सेठ." पण त्याच मालकानं पुढं कायम त्याच्यासाठी सुती वेस्ट बाजूला ठेवलं. ते पोतं माझ्या स्कूटीच्या पुढं, दोन पायांच्या मध्ये ठेवून मी वळला न्यायचो.

दर पावसाळ्यात एक तरी 'ट्रायल' व्हायची. बोंडं रात्रभर खाडीच्या पाण्याच्या बादलीत ठेवायची, सकाळी काढायची आणि मग पेटवायची. मग कोणी तरी नवीन माणूस पकडून त्याच्यासमोर पुन्हा. एकदा पडघ्याहून आम्ही परत येत होतो. हायवेच्या कडेला ट्रक थांबलेले, पाऊस मुसळधार, आणि ताडपत्रीखाली तीन ड्रायव्हर ओल्या काटक्यांपुढं तोंड पाडून बसलेले. गाडी थांबली. दादा गमबुटात उतरला, गाडीतून डबा काढला, बोंड फोडलं, काडी लावली. काटक्या आधी फुसफुसल्या, मग पेटल्या. ड्रायव्हरांनी तोंडात बोट घालायचंच बाकी राहिलं. लगेच चहा ठेवला, पहिला ग्लास दादाला. दादा कमरेवर हात ठेवून असा उभा की मागं ढोल हवे होते.

एका ड्रायव्हरनं घोट घेत विचारलं, "सेठ, ये चीज़ मिलती कहाँ है?"

"मिलती न्हाय. हम बनाता हाय."

"किस काम के लिए?"

"मुरदा जलाने के लिए," दादा अभिमानानं म्हणाला.

तिघांनी ग्लास खाली ठेवले. दादाला कळेना काय झालं. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "च्या तं बरा व्हता."

आता अशा नादाच्या माणसाची गावात काय ओळख होणार, सांगा. पावसाळ्यात कोणी आजारी पडलं की दादा मनापासून काळजीनं भेटायला जायचा. आणि दादा भेटायला आला की घरचे रडायला लागायचे. त्याच्या गाडीचा हॉर्न ऐकला की गावातली आजारी माणसं उठून बसायची. अर्धी तर त्या भीतीनंच बरी झाली.

आवडीआजीचं प्रकरण तर कोणी विसरलं नाही. आजीला हॉस्पिटलनं सांगितलं, घरी न्या. पाऊस लागलेला. दादा बघायला गेला, आणि अगदी कोणाला दिसू नये म्हणून बोंडांची पिशवी ओट्याच्या कोपऱ्यात, चपलांच्या मागं ठेवली. आत गेला, आजीच्या उशाशी बसला. आजीचे डोळे मिटलेले. नाक हललं.

"राळेचा वास येतंय," आजी म्हणाली. "काथोड आलाय का?"

"हां, आजी."

"पिशवी आनलीस?"

सून पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली.

"परत ने," आजी म्हणाली. "भात लावून झाल्याबिगर मी जात नसते."

आजी भात लावून झाल्यावरही गेली नाही. नंतर कितीतरी पावसाळे दादा दिसला की ओट्यावरून ओरडायची, "काय रं काथोडा, माझी पिशवी सुकी हाय ना?" दादा मान खाली घालून गमबूट आपटत जायचा. पण तिच्या नावाचा डबा त्यानं खरंच वेगळा ठेवला होता, हे मी बघितलंय.

मे महिना आला की अजूनही मला त्या मांडवाखालचा वास येतो. मेण, राळ आणि दादाच्या बायकोनं, काकीनं, मध्येच आणून दिलेली कैरी. दादा चिमट्यानं बोंड बुडवतोय, मी पिंजतोय आणि तोंडानं एकेकाची नक्कल चाललीय. दादाला नकला फार आवडायच्या. मॅनेजर झाला, वॉचमन झाला, मग म्हणायचा, "आता माझी कर." मी करायचो. तो डोळे बारीक करून ऐकायचा आणि "न्हाय जमला. मी येवरा ओररत न्हाय," असं ओरडून सांगायचा.

आणि कुंपणापलीकडच्या ओट्यावर हिराजी बसलेला. तोही हे सगळं ऐकायचा. दोघं भाऊ दिसायला एकाच साच्यातले, फक्त हिराजी गमबूट घालत नसे. एकमेकांशी बोलायचं नाही, पण ऐकू जाईल असं बोलायला कोणाची मनाई? हिराजी सुभाषला हाक मारायचा.

"सुभाष, सांग तुझ्या काकाला, धूर हिकरं येतंय."

दादा माझ्याकडं बघून म्हणायचा, "त्याला सांग, धूर सफेत हाय. काला न्हाय."

मग हिराजीची बायको, जनाकाकू, आतून ओरडायची, "दोघांनी गप बसा," आणि दोघं गप बसायचे. तिचं मात्र दोघंही ऐकत.

एकदा मात्र हिराजी चिडला. गावातले चार लोक बसले होते, कोणी तरी बोंडांची तारीफ केली. हिराजी उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी मेलो तं मना टायर लावा. पन याचा एक बोंड जरी माझ्या सरनाला लागला ना, मी उठून घरी येन!"

दादानं मान वर केली नाही. चिमट्यातलं बोंड सावकाश बुडवलं आणि हवेत म्हणाला, "ये. च्या ठेवतो."

लोक हसले. हिराजीच्या तोंडावरही काही तरी हललं, पण तो आत गेला. त्या दिवशीची बोंडं मात्र सगळी जास्त मुरली. फेकून द्यावी लागली.

हिराजी गेला तो ऐन जुलैत. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसला आणि बसल्या जागी गेला. पाऊस आदल्या आठवड्यापासून थांबलाच नव्हता. सुभाषचा फोन आला तसे गोडाऊनवरचे आम्ही काही जण गेलो. अंगणात छत्र्याच छत्र्या. लाकडं आणली होती ती हाताला गार लागत होती. गोवऱ्यांचा लगदा झालेला. आणि बघतो तर दोन पोरं ट्रकचा टायर गडगडवत घेऊन येतायत. कोणी तरी शब्द लक्षात ठेवला होता.

कुंपणापलीकडे, स्वतःच्या दारात, काथोडदादा उभा होता. छातीशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला डबा. पाय अनवाणी. मी त्याचे पाय पहिल्यांदाच बघितले. गमबुटातले पाय, ऊन न लागलेले, लहान मुलासारखे पांढरट. तो कुंपण ओलांडत नव्हता.

मी जवळ गेलो. "दादा, चला ना."

"त्याचा शब्द हाय," तो म्हणाला. "सगल्या गावासमोर बोल्लाय."

सुभाषला जाऊन विचारलं तर तो टायराकडे बघत उभा. "काय करू? बाबा बोलले होते. मी त्यांचा शब्द मोडू?" जाणते लोकही कुजबुजायला लागले. कोणी म्हणे मेलेल्याचा शब्द पाळावा, कोणी म्हणे टायरचा धूर पुन्हा गावावर नको. तिरडी बांधून झाली. आता उचलायची, आणि ठरत नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून जनाकाकू उठली. तिला धरायला दोघी धावल्या, तिनं हात झटकले. भर पावसात कुंपणापर्यंत आली आणि दिरासमोर उभी राहिली.

"भावजी, डबा आना."

"वयनी, तो बोल्ला व्हता…"

"तो भांडाया बोल्ला व्हता," जनाकाकू म्हणाली. "चालीस वर्सं मी नांदलंय त्याच्यासंग. त्याचा खरा कनचा आन खोटा कनचा, मना इचारा. चला."

दादानं कुंपण ओलांडलं. टायर अंगणातच राहिला.

स्मशानात त्याही वर्षी चार खांबच होते. आठ-दहा जणांनी ताडपत्री धरली, पण खाडीवरून वारा असा की ताडपत्री आम्हालाच उचलत होती. घरून मडक्यात विस्तव आणला होता तो वाटेतच विझला. बायाबापड्यांनी तिथंच अपशकुन म्हणून हाय खाल्ली असती, बरं झालं त्या घरी होत्या. सुभाषनं मडक्यात डोकावून बघितलं आणि काकाकडं पाहिलं.

दादा चिखलात गुडघ्यांवर बसला. डब्याचं मेण नखानं काढलं. बोंडं बाहेर काढली आणि एकेक गालाला लावली. पावसात, त्या गालावरून पाणी ओघळतंय, तरी लावली. मग सरणाच्या खालच्या फटींत ती बसवत गेला, डोक्याकडं, छातीखाली, पायाकडं. भावाच्या पायाशी आला तेव्हा हात जरा थांबला. पायावरचं पांढरं कापड भिजून चिकटलं होतं, ते त्यानं सरळ केलं.

शेवटचं बोंड हातात ठेवलं. पोट फोडलं. आतलं सूत कोरडं, पांढरं, भुरभुरीत निघालं. पहिली काडी वाऱ्यानं घेतली. दुसरी ताडपत्रीवरून पडलेल्या पाण्यानं. कोणी तरी मागं हळूच म्हणालं, "टायर आनायला पाठवू का?" दादानं ऐकलं. त्याचे खांदे एकदम वर आले, आपल्याला कोणी मारणार असेल तसे. सुभाष त्याच्या शेजारी बसला आणि दोन्ही हातांची ओंजळ काकाच्या हातांभोवती धरली.

तिसरी काडी. सुतावर निळा ठिपका आला, पिवळा झाला, आणि मेणानं तो धरला. दादानं ते बोंड सुभाषच्या हातात दिलं. सुभाषनं तोंड फिरवून सरणाला लावलं. थोडा वेळ काहीच नाही. नुसता धूर, पांढरा. मग आत एक बोंड चुरचुरलं, मग दुसरं, राळेचा वास सुटला, आणि लाकडांच्या मधून ज्योत अशी सरसर वर आली की ताडपत्री धरलेले सगळे मागं सरले. वरून धो धो पाऊस पडतोय आणि खालून आग त्याला जुमानत नाहीय. थेंब पडतायत आणि चर्र चर्र करून उडून जातायत.

आणि मी, गाढवाहून गाढव, मला राहवलं नाही. दोन बोटं तोंडात गेली आणि मी शिटी मारली. खणखणीत. क्रिकेटला मारतात तशी.

सगळा गाव वळून माझ्याकडं बघायला लागला. सुभाषसुद्धा. मी तोंडातली बोटं काढायचीही विसरलो.

सगळं आटोपून लोक पंपावर हातपाय धुवायला आले तेव्हा दादानं मला गाठलं. कॉलर धरून बाजूला ओढलं. अंगावर चिखल, गालावर बोंडांची राळ चिकटलेली.

"मॅच लागली व्हती का रं?" तो म्हणाला. आवाज नाकातला नव्हता, कुठून तरी वेगळ्याच जागेवरून येत होता. "सिक्स मारला कोनी? मसनान शिटी वाजवतंस? लाज हाय का तुला?"

"चुकलं, दादा."

"चुकला म्हन्जे? त्याचा पोऱ्या अग्नी देतंय, आन तू शिट्या मारतंस? गाव काय बोलल? तुझ्या बापाला सांगू? त्याला नारपोलीत येऊन सांगू का?"

"नको ना, दादा. पण पेटली ना," मी म्हणालो. मला गप्प बसणं कधी जमलंच नाही. "एवढ्या पावसात पेटली. टायर लागला नाही. म्हणून तर…"

त्यानं कॉलर सोडली नाही, उलट घट्ट धरली आणि मला गदागदा हलवलं.

"पेटली ती मना दिसली न्हाय? मी काय आंधला हाय? येवरी वर्सं कोनाला दाखवाया करत व्हतो मी ती बोंडं? आं? तो बगत व्हता का? तोच सरनान निजलाय ना? मंग शिटी कोनाला वाजवलीस, घोऱ्या? सांग ना, कोनाला वाजवलीस?"